नवऱ्याच्या माघारी रिटर्न कुणी भरायचं? दाखला कन्नडमध्ये, बँक कोल्हापुरात आणि पोर्टल इंग्रजीत

रायापूर (हुबळी-धारवाड) : तेरावं होतं, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात एक फाईल उघडली जाते. पेन्शनचं पुस्तक, बँकेच्या पावत्या, पॅन कार्ड, घराचा उतारा. ज्याच्या नावानं हे सगळं आहे तो माणूस आता नाही. अशात जून-जुलै आला की बँकेचा किंवा आयकर खात्याचा मेसेज त्याच माणसाच्या मोबाईलवर येतो : रिटर्न भरण्याची मुदत जवळ आली आहे.

घरातल्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो हा, की माणूसच गेला, आता कसला कर? शेजारी सांगतात, काही करू नका. भाचा म्हणतो, काकांचा पासवर्ड मला माहीत आहे, मोबाईल घरीच आहे, ओटीपी आला की भरून टाकू. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. यंदा तर या विषयाला आणखी एक गाठ बसली आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे नेमकं काय करायचं हे एकदा नीट समजून घेऊ. बायको आधी गेली असेल तर नवऱ्यालाही हेच सगळं लागू आहे. पण आपल्याकडे बहुतेक घरांत पैशाचे कागद पुरुषाच्या नावावर असतात, म्हणून हा फेरा बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो.

माणूस गेला, तरी त्या वर्षाचा हिशेब राहतो

१९६१ च्या कायद्याचं कलम १५९ सांगतं की मयताच्या उत्पन्नावरचा कर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीनं, म्हणजे वारसानं भरायचा. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. मात्र तिला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येक घराला माहीत असायला हवी. वारसाची जबाबदारी मयतानं मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. नवऱ्याची कराची थकबाकी पाच लाख आणि मागे ठेवलेली मिळकत तीन लाखांची असेल, तर बायकोनं स्वतःचे दागिने विकून उरलेले दोन लाख भरायचे नाहीत. पण थकबाकी आहे हे ठाऊक असताना मिळकत विकून पैसा दुसरीकडे फिरवला, तर तेवढ्या रकमेपुरती जबाबदारी वारसाच्या अंगावर येते.

आता हिशेबाचं. मृत्यूची तारीख ही वर्षातली रेघ धरायची. १ एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न नवऱ्याचं. ते त्याच्या पॅनवर, त्याच्या नावाच्या रिटर्नमध्ये येतं आणि सही वारसाची असते. त्या तारखेनंतर त्याच एफडीचं व्याज, त्याच घराचं भाडं ज्याच्याकडे वारसानं गेलं त्याचं उत्पन्न होतं. वर्ष अर्धं झालं म्हणून सूट मात्र अर्धी होत नाही. नव्या करप्रणालीतली ४ लाखांची करमुक्त मर्यादा मयतालाही पूर्ण मिळते.

नव्या कायद्याची गाठ इथे येते. यंदा जे रिटर्न भरायचं आहे ते २०२५-२६ च्या उत्पन्नाचं, म्हणून त्याला जुनाच कायदा लागू आहे. समजा नवरा मे २०२६ मध्ये गेला. मग रिटर्नं दोन होतात. एक २०२५-२६ च्या पूर्ण वर्षाचं, जुन्या कायद्यानं, यंदाच भरायचं. दुसरं १ एप्रिल २०२६ पासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं, नव्या कायद्यानं, ते पुढच्या वर्षी येईल. नव्या कायद्यात ‘निर्धारण वर्ष’ हा शब्द गेला आणि सरळ ‘कर वर्ष’ आलं. पहिलं भरून फाईल बांधून ठेवणारे दुसरं विसरतात.

एका घराचा हिशेब

समजा, रायापुरातलं एक घर. माणसं कल्पनेतली आहेत, आकड्यांचा नियम खरा आहे. निवृत्त शिक्षक, पेन्शन महिना ४५ हजार, एफडीचं वर्षाचं व्याज १ लाख २० हजार. ते ३० सप्टेंबर २०२५ ला गेले.

त्यांच्या रिटर्नमध्ये सहा महिन्यांची पेन्शन २ लाख ७० हजार येईल. त्यातून नव्या प्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, राहिले १ लाख ९५ हजार. सहा महिन्यांचं व्याज ६० हजार. एकूण २ लाख ५५ हजार. कर शून्य.

काकूंना ऑक्टोबरपासून कुटुंब पेन्शन महिना २७ हजार, सहा महिन्यांची १ लाख ६२ हजार. इथे बरेच जण चुकतात. कुटुंब पेन्शन हा पगार नाही, ते ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ आहे. त्यामुळे ७५ हजारांची वजावट तिला नाही. तिला वेगळी वजावट आहे : पेन्शनचा एक तृतीयांश भाग किंवा २५ हजार, यातलं जे कमी असेल ते. जुन्या प्रणालीत हाच आकडा १५ हजार आहे. म्हणजे काकूंचे १ लाख ३७ हजार आणि नंतरच्या सहा महिन्यांच्या व्याजाचे ६० हजार, एकूण १ लाख ९७ हजार. इथेही कर शून्य. व्याज इथे सगळं काकूंच्या नावे धरलं आहे, कारण समजा मुलांनी एफडीवरचा हक्क लेखी सोडला.

मग कर शून्य असताना रिटर्न कशाला? कारण ज्येष्ठ नागरिकाचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. बँकेला मृत्यूची खबर दिली नाही, तर वर्षभराचे १२ हजार नवऱ्याच्या पॅनवर कापले जातात. ते रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. त्यातही सप्टेंबरपर्यंतच्या व्याजाचे ६ हजार नवऱ्याच्या रिटर्नमध्ये मागता येतात. पुढचे ६ हजार काकूंच्या उत्पन्नावरचे असून नवऱ्याच्या पॅनवर अडकलेले. ते सोडवायला बँकेकडे खेटे घालावे लागतात. म्हणून मृत्यूचा दाखला हातात आला की पहिली फेरी बँकेत मारायची. त्यात पैसे काढायची घाई नसते, पुढचं व्याज कुणाच्या पॅनवर पडणार हे ठरवायचं असतं.

सैनिकांच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि सीमाभागात गावोगावी फौजी घरं आहेत. कामगिरीवर असताना वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन पूर्णपणे करमुक्त आहे. ती उत्पन्नात धरून कर भरलेला असेल तर तो परत मागता येतो.

पासवर्ड नव्हे, वारस नोंद

आता भाच्याच्या सल्ल्याकडे येऊ. नवऱ्याच्या लॉगिननं, त्याच्याच ओटीपीनं रिटर्न भरणं म्हणजे मेलेल्या माणसानं मृत्यूनंतर सही केली असं दाखवणं. ते रिटर्न उद्या तपासणीत आलं तर उत्तर द्यायला अडचण होते.

योग्य वाट फार अवघड नाही. वारसानं स्वतःच्या पॅननं आयकर पोर्टलवर लॉगिन करायचं आणि मयताचा प्रतिनिधी म्हणून नोंदणीची विनंती पाठवायची. त्यासाठी मयताचं पॅन, मृत्यूचा दाखला, वारसाचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून यापैकी काहीही एक चालतं : कोर्टाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला, हयात कुटुंबीयांचा दाखला, सरकारी कुटुंब पेन्शनचं प्रमाणपत्र, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा बँकेचं नॉमिनी असल्याचं पत्र. हुबळीत नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय आहे, रेल्वेचे पेन्शनर इथे घरोघरी आहेत. अशा घरांत कुटुंब पेन्शनचा कागदच पुरावा म्हणून पुरतो, वेगळ्या दाखल्यासाठी नाडकचेरीत रांग लावायची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका उगाच महिना-महिना हेलपाटे घालतात.

वारस अनेक असतील तर पोर्टलवर नोंद एकाची होते. बाकीच्यांची लेखी संमती घेऊन ठेवली तर पुढे भांडण होत नाही. रिफंड येणार असेल तर मयताचं खातं घाईनं बंद करू नका. बंद खात्यावर पाठवलेला रिफंड परत जातो.

कन्नड, मराठी आणि पोर्टल

आता आपल्या भागाचं खरं दुखणं. हुबळी-धारवाडात मृत्यूचा दाखला महापालिकेतून मिळतो, वंशवृक्ष आणि हयात कुटुंबीयांचा दाखला नाडकचेरीतून. वंशवृक्ष कन्नडमध्ये. नवरा नोकरीला कोल्हापुरात किंवा सांगलीत होता, बँक तिकडची, प्रॉव्हिडंट फंड तिकडचा. तिथला कारकून कागद उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, मराठी किंवा इंग्रजी आणा. आयकर पोर्टलचा नियम तर असा, की स्थानिक भाषेतला कागद हिंदी किंवा इंग्रजीत भाषांतर करून, नोटरीची सही घेऊन चढवायचा.

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की माणसं लगेच दोन बाजूंना उभी राहतात. इथे मात्र थोडं थांबून बघा. धारवाडच्या कन्नड बाईला कन्नड दाखल्याचं भाषांतर करावं लागतं, तसंच कोल्हापूरच्या मराठी बाईला तलाठी किंवा तहसीलदाराच्या मराठी दाखल्याचं. दोघींनाही त्याच नोटरीच्या टेबलासमोर उभं राहावं लागतं. हे गाऱ्हाणं कन्नड विरुद्ध मराठी नाहीच. ते राज्याच्या भाषेत कागद देणारं सरकार आणि तो कागद न वाचणारं केंद्राचं पोर्टल, या दोघांमधलं आहे. राज्यांनी वारसाचे दाखले राज्यभाषेसोबत इंग्रजीतही, एकाच कागदावर दिले तर दोन्हीकडच्या बायकांची एक फेरी आणि नोटरीची फी वाचेल. त्यासाठी कोणता नवा कायदा नको, फक्त छापील नमुना बदलायचा आहे.

दुसरी अडचण नावांची. १ नोव्हेंबर २०१४ ला हुबळीचं हुबळ्ळी झालं, बेळगावचं बेळगावी झालं. जुन्या पॅनवर आणि पासबुकावर जुनं नाव, नव्या दाखल्यावर नवं. त्यात बाईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचं एखादं अक्षर बदलतं ते वेगळंच. गावाच्या नावानं सहसा अडत नाही, माणसाच्या नावानं अडतं. म्हणून दाखल्यासाठी अर्ज करतानाच पॅनवर जसं नाव आहे तसंच लिहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरात मृत्यू झाला असेल तर खबर देणं घरच्या प्रमुखाचं काम आहे. एक वर्ष उलटलं तर दंडाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो.

वारस दाखल्यातही दोन राज्यांच्या दोन रीती आहेत. महाराष्ट्रात आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टातून वारस दाखला घेतला जातो. धारवाड १९५६ पर्यंत त्याच इलाख्यात होतं. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी म्हणूनच अजून ‘कोर्टाचा दाखला’ असतो, आणि नवीन कारकून ‘वंशवृक्ष’ मागतो. शेअर आणि मोठ्या ठेवींसाठी मात्र दोन्हीकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं आणि ते देशभर चालतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘माझं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे पैसा माझा’ असा समज फार आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून झालेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला : शेअरचा नॉमिनी त्यांचा पूर्ण मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. बँकेच्या ठेवींबाबतही कोर्टांची भूमिका हीच आहे. नॉमिनी पैसा ताब्यात घेतो, तो वारसांसाठी.

याचा कराशी संबंध आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. सासूबाई हयात असतील तर त्यांनाही वाटा असतो, हे सहज विसरलं जातं. म्हणून घरभाडं सगळं बायकोच्या नावानं दाखवायचं की हिश्श्यानं, हे वाटणी किंवा हक्कसोड पत्र पाहून ठरतं. वारसानं मिळालेल्या मालमत्तेवर मात्र कर नाही. संपदा शुल्क १९८५ मध्येच रद्द झालं. आयुर्विम्याची मृत्यूनंतर मिळालेली रक्कमही करमुक्त आहे. कर येतो तो पुढे घर विकताना. तेव्हा खरेदीची किंमत आणि तारीख नवऱ्याचीच धरतात, म्हणून जुनं खरेदीखत जपून ठेवा.

गोव्याची तऱ्हा निराळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मिळकत सामायिक असते. आयकर कायद्याचं कलम ५अ पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटतं. नवरा गेला तर निम्मी मिळकत बायकोची आधीपासूनच असते, वारसाचा प्रश्न उरतो तो दुसऱ्या निम्म्याचा. अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना तर पती-पत्नीचं एकत्र रिटर्न ओळखीचं आहे. जोडीदार गेला त्या वर्षाचंही ते एकत्र भरता येतं. आपल्याकडे बाकी देशात नवरा-बायको आयुष्यभर एका घरात, पण आयकराच्या कागदावर दोन परके.

बँकांना आता मुदत आहे

काही चांगलंही झालं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, की मयत खातेदाराचा दावा कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत मिटवा. उशीर झाला तर ठेवीवर भरपाईचं व्याज द्यायचं. नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सोप्या पद्धतीनं पैसे द्यायचे. हे ३१ मार्च २०२६ पर्यंत अंमलात आणायचं होतं. म्हणून आता ‘साहेब रजेवर आहेत’ असं उत्तर मिळालं तर अर्जाची पोच मागा आणि तारीख लिहून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्या भागातल्या सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था या बँका नव्हेत. त्यांना हा नियम लागत नाही. तिथे ठेव असेल तर पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

मुदत गेली असेल तर

पगारदार-पेन्शनरांची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, पण ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार आणि ५ लाखांवर गेलं तर ५ हजार रुपये शुल्क. दुःखात दोन-तीन वर्षं निघून गेली आणि रिफंड अडकला असेल तर तोही दरवाजा बंद नाही. निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयकर आयुक्त निर्णय घेतात. आपल्यासाठी ते कार्यालय हुबळीच्या नवनगरात आहे, रायापूरहून बसनं काही मिनिटांवर. अर्जात पतीच्या मृत्यूचं कारण स्पष्ट लिहा, सोबत दाखला जोडा.

मयताच्या नावानं नोटीस आली तर घाबरून जाऊ नका, आणि ती कपाटातही टाकू नका. मेलेल्या माणसाच्या नावानं काढलेली फेरतपासणीची नोटीस कायद्यानं टिकत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. तरीही मृत्यूचा दाखला जोडून लेखी उत्तर द्यावं, म्हणजे पत्र येणं थांबतं. सगळी रिटर्नं भरून, रिफंड हातात आल्यावरच पॅन परत करण्याचा अर्ज द्या.

शेवटी एक गोष्ट हयात जोडप्यांसाठी. या रविवारी चहा घेता घेता दोघांनी मिळून एक वही करा. कुठल्या बँकेत काय, कुठल्या संस्थेत ठेव, नॉमिनी कोण, पॅनवर नाव कसं लिहिलंय, रिटर्न कोण भरून देतं. बायकोचं स्वतःचं पॅन नसेल तर ते आधी काढा. आपल्याकडे अशा गोष्टी बोलणं अशुभ मानतात. पण ज्या घरात ही वही आहे, तिथल्या बाईला तेराव्यानंतर भाच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.